प्रीमियर पद्मिनीचा मागचा सडलेला पत्रा बदलणे

प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट ११०० यांच्या मागच्या मडगार्डचा, चाकाच्या कमानीचा, डिकीच्या तळाचा आणि बंपरखालच्या अ‍ॅप्रनचा (आडव्या पत्र्याचा) गंजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा जोडण्याचे काम. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७० च्या दशकात पद्मिनी अशी नावे बदलत ही गाडी तयार होत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. खासगी गाड्या मात्र अजून जपल्या जातात, आणि त्यांच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ हेच काम खाते.

या गाडीला वेगळी चासी (भार पेलणारी खालची चौकट) नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते आणि मागच्या कमानपाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) आधारही तिलाच जोडलेले असतात. त्यामुळे मागचा पत्रा सडणे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो. बाहेरचे मडगार्ड नवे बसवले आणि आतली कमान व कमानपाटीचा आधार तसाच ठेवला, तर चांगल्या रंगाखाली धोकादायक गाडी तयार होते.

गंजाची सुरुवात बहुतेकदा चाकाच्या कमानीच्या ओठापाशी होते. तिथे बाहेरचा व आतला पत्रा एकत्र दुमडून स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी वितळवून, जोडलेला असतो. चाकाने उडवलेला चिखल त्या दुमडीवर साचतो, ओला राहतो आणि पत्रा आतून बाहेर खाल्ला जातो. रंगावर फोड दिसतात तेव्हा मागे बहुधा आरपार भोक असते. डिकीची बीडिंग (कडेची रबरी पट्टी) कडक झाली की पाणी आत झिरपून स्टेपनीखाली आणि कडेच्या खोबणीत साचते. कोकणात किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत उभ्या असणाऱ्या गाडीत खारी हवा हे सगळे लवकर घडवून आणते.

तपासणीसाठी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे जाड लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. खालून गाडी उचलून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कमानपाटीच्या आधाराभोवती आणि मागच्या सीटखाली टोचून पाहावे. टोक आत घुसले की चांगला, चमकता पत्रा लागेपर्यंत कापायचे. गंजाच्या कडेला वेल्ड धरत नाही. पत्रा जळून भोक मोठे होत जाते.

कापण्याआधी बॅटरी, मागचे दिवे, वायरिंग, सीट, अस्तर आणि गरज असल्यास मागची काच काढावी. पेट्रोलची टाकी उतरवून कामाच्या जागेपासून दूर न्यावी. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक असते, कारण तिच्यात वाफ असते. गाडी सपाट जमिनीवर चार स्टँडवर घेऊन दाराच्या आणि डिकीच्या चौकटीची तिरकी मापे लिहून ठेवावीत. चौकटीत लोखंडी नळ्यांचे तात्पुरते आडवे टेके वेल्डचे छोटे टाके मारून बसवावेत. हा टप्पा गाळला तर बॉडी किंचित बसते, पुढे डिकीचे झाकण एका बाजूला घासते आणि मग कितीही ठोकाठोकी केली तरी फट सारखी येत नाही. दोन्ही बाजू एकदम कधीही कापू नयेत.

नवा भाग तीन प्रकारे मिळतो : जुन्या साठ्यातला मूळ, भंगारातल्या गाडीचा कापलेला, किंवा कारागिराने हाताने घडवलेला. भंगारातला भाग चांगला असेल तर तोच घ्यावा. मागच्या दिव्यांपाशी वर आलेल्या फिनची (पंखासारख्या उंचवट्याची) कड हाताने जुळवणे फार कठीण आहे. सपाट ठिगळांना २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा पुरतो. आतल्या आधारांना १८ गेज किंवा मुळात असेल तेवढी जाडी घ्यावी.

मूळ स्पॉट वेल्ड ८ मिमीच्या ड्रिलने सोडवावेत. नव्या पत्र्याच्या कडेला ३० ते ४० मिमी अंतरावर ६ ते ८ मिमीची भोके पाडून तिथे प्लग वेल्ड करावा, म्हणजे भोक वेल्डने भरून खालच्या पत्र्याला जोडावे. आधी आतली कमान, मग तळ, शेवटी बाहेरचे मडगार्ड. वेल्डच्या आधी पत्रा पकडीने धरून, दार आणि डिकीचे झाकण लावून फटी पाहाव्यात.

दिसणाऱ्या भागात कडेला कड लावून, पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवून जोड द्यावा. जुन्यावर नवा पत्रा नुसता चढवला तर मधल्या सापटीत पाणी अडकते आणि एक-दोन पावसाळ्यांत जोडाची रेघ रंगातून फुगून वर येते. ०.६ किंवा ०.८ मिमी तारेच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणाऱ्या) वेल्डिंगने २५ ते ३० मिमीवर टाके मारावेत, मग लांबलांबच्या जागी आलटून पालटून फटी भराव्यात. एका दमात ओढलेला वेल्ड थंड होताना आकसतो आणि मडगार्डच्या सपाट अंगात लाटा पडतात. त्या लाटा वेल्डच्या रेघेवर हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) पत्रा ताणून काढायच्या असतात, लांबीने बुजवायच्या नसतात. गॅस वेल्डिंगचा जोड मऊ असल्याने तो ठोकायला सोपा, पण उष्णता दूरवर पसरते. मोठ्या सपाट पत्र्यावर ते टाळलेले बरे.

घासून झाल्यावर उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक अ‍ॅसिडचे द्रावण लावले, तर ते धुऊन पूर्ण सुकवावे. त्यावर इपॉक्सी प्राइमर, सांध्यांत सीम सीलर, मगच लांबी, तीही २-३ मिमीपेक्षा जाड नको. नुसत्या रेड ऑक्साइडवर लांबी भरून महिनोन्महिने ठेवलेली गाडी ओल पिते. पोकळ्यांत वॅक्स फवारावे आणि पाणी निघायची भोके अंडरकोटिंगने (तळाला लावलेल्या जाड लेपाने) बुजली नाहीत ना, हे तारेने तपासावे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. म्हणून मूळ आकार व जाडी राखावी, आणि कापण्याआधी, कापल्यावर व जोडल्यावर प्रत्येक भागाचे फोटो काढून ठेवावेत.