डेलियाच्या ताटव्याशी उभा मोने

बागेच्या कुंपणाशी डेलिया भरभरून फुलले आहेत. त्यांच्यासमोर क्लोद मोने उभ्याउभ्या रंगवतो आहे. डोक्यावर हॅट, अंगात गडद कोट, हातात पॅलेट. पलीकडे एकमेकांना खेटलेली घरं, वर ढगाळ आभाळ. मोनेचा मित्र, फ्रेंच चित्रकार रेन्वार याने हे चित्र १८७३ मध्ये केलं. आकाराने लहानसंच, दीड फूट उंच आणि जेमतेम दोन फूट रुंद. आज ते अमेरिकेत हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात आहे.

दोघांची ओळख १८६२ची, पॅरिसला ग्लेअर यांच्या स्टुडिओत शिकत असतानाची. फ्रेदेरिक बाझीलही तिथलाच सोबती. पुढची वर्षं ओढगस्तीत गेली. रेन्वार आपल्या घरून पाव आणून देतो म्हणून आम्ही उपाशी मरत नाही, असं मोनेने १८६९ मध्ये बाझीलला पत्रातून कळवलं होतं. त्याच उन्हाळ्यात सीन नदीकाठी ला ग्रनुईएर इथे दोघांनी शेजारी शेजारी ईझल मांडून पाण्यावरचा उजेड रंगवला. दृक्प्रत्ययवादाचे, म्हणजे क्षणाचा उजेड पकडू पाहणाऱ्या इम्प्रेशनिझमचे, ते तुटक, भरभर मारलेले फटकारे मला तिथेच पहिल्यांदा पुरते सापडलेले दिसतात.

वर्षभरात प्रशियाशी युद्ध पेटलं. मोने लंडनला गेला, रेन्वार घोडदळात भरती झाला आणि नोव्हेंबर १८७०मध्ये बाझील रणांगणावर पडला. अठ्ठावीस वर्षांचा होता तो. हे ठाऊक असलं की या बागेतली शांतता पाहताना गलबलून येतं.

डिसेंबर १८७१मध्ये मोनेने आर्जांतय इथे भाड्याने घर घेतलं; चित्रातली बाग तिथलीच. सीनकाठचं हे गाव पॅरिसहून आगगाडीने सहज गाठता येई. शिडाच्या होड्या होत्या तसे कारखान्यांचे धुरांडेही होते. द्यूरां-र्‍युएल हा कलाविक्रेता चित्रं विकत घेऊ लागल्यामुळे मोनेच्या हातात पैसा खेळू लागला होता. पत्र्याच्या ट्यूबमधले तयार तैलरंग १८४१ पासून निघाले होते, त्यामुळे सारं सामान उचलून थेट फुलांसमोर उभं राहणं सोपं झालं होतं.

त्याच वर्षी मोनेनेही आपल्या बागेतले डेलिया रंगवले. ते चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात शेजारची वस्ती जवळजवळ गाळलेली आहे, आणि बाग एखाद्या मोठ्या वाडीसारखी ऐसपैस वाटते. रेन्वारने मात्र ती घरं ठेवली. मला त्याचंच चित्र अधिक जवळचं वाटतं, कारण भाड्याच्या घराच्या बेताच्या परसात उभं राहून हा माणूस किती मोठं काम करत होता, ते त्यात दिसतं.

१८७४च्या उन्हाळ्यात एदुआर माने हा दुसरा चित्रकार याच बागेत मोनेच्या बायको-मुलाचं चित्र काढत बसला होता. तेवढ्यात रेन्वार आला. त्याने मोनेकडूनच पॅलेट, कुंचला आणि कॅनव्हास मागून घेतला आणि मानेच्या शेजारी तोही रंगवू लागला.