मोटरहोममागे छोटी गाडी न्यायची आहे? ती ओढायचं सामान घेण्याआधी हे वाचा

सेक्वोया नॅशनल पार्कमध्ये जनरल्स हायवेवर पॉटविशा ते जायंट फॉरेस्ट हा नागमोडी टप्पा आहे. तिथे २२ फुटांपेक्षा लांब गाडी आणू नका, असं पार्कचंच सांगणं आहे. माँटानातल्या ग्लेशियर पार्कात, गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या टप्प्यावर २१ फुटांपुढच्या गाडीला सरळ बंदी आहे. मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, कॅम्पसाइटला लावून पुढे छोट्या गाडीने फिरायचं, हा त्यावरचा चांगला उपाय. कॅलिफोर्नियातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणारी मराठी कुटुंबं त्यासाठीच येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "टो बार कुठला घेऊ?"

टो बार म्हणजे मोटरहोमला मागची गाडी जोडणारा दांडा. त्याचं आम्ही सगळ्यात शेवटी बोलतो. आधी गाडीचं मॅन्युअल उघडतो.

तुमची गाडी ओढता येते का?

चारही चाकं रस्त्यावर ठेवून गाडी ओढणं सगळ्यात सोपं, पण ते सगळ्या गाड्यांना चालत नाही. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग तेलाशिवाय घासत राहतात. दोन-तीनशे मैलांत गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो आणि तो खर्च आमच्या सगळ्या सामानापेक्षा मोठा असतो. म्हणून मॅन्युअलमध्ये "रिक्रिएशनल टोइंग" हे पान शोधा. तिथे "नाही" लिहिलं असेल तर नाहीच. "माझ्या मित्राने नेली होती, काही झालं नाही" यावर आम्ही गाडी जोडून देत नाही.

जीप रँग्लर या कामाला उत्तम, कारण तिचा ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग) न्यूट्रलमध्ये टाकला की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. होंडा सीआर-व्ही २०१४ सालापर्यंतची चालते. २०१५ पासून तिच्यात सीव्हीटी हा वेगळ्या प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि ती सोय गेली. जुनी सीआर-व्ही ओढण्याआधी इंजिन चालू करून गिअर ठरलेल्या क्रमाने न्यूट्रलपर्यंत आणावा लागतो आणि इंजिन तीन मिनिटं तसंच चालू ठेवावं लागतं. हा क्रम छापून डॅशबोर्डजवळ चिकटवून ठेवा. सकाळी निघायच्या घाईत, मुलं हाका मारत असताना, नेमकी हीच पायरी राहते.

टेस्लाचं तर अगदी स्पष्ट आहे: चारही चाकं जमिनीवरून उचललेली हवीत. म्हणजे ट्रेलर हवा. कारसाठीचा साधा उघडा ट्रेलरच सुमारे २,००० पाउंडांचा, त्यावर मॉडेल वाय सुमारे ४,४०० पाउंड. बेरीज ६,४०० पाउंड. हा आकडा लक्षात ठेवा.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल आणि मॅन्युअलची परवानगी असेल तर डॉलीचा, म्हणजे दोन चाकांच्या छोट्या ट्रेलरचा पर्याय आहे. पुढची चाकं डॉलीवर चढतात, मागची रस्त्यावर राहतात. गाडीत काही बसवावं लागत नाही, म्हणून गाडी बदलली तरी डॉली कामी येते. पण पावसात पट्टे आवळायचे आणि कॅम्पसाइटला डॉली कुठे ठेवायची हे शोधायचं, याचा कंटाळा येतो. वर्षातून एकच सहल असेल तर डॉली घ्या. जास्त असतील तर आम्ही ती सुचवत नाही.

वजनाचं गणित

फोर्डच्या ई-४५० चॅसीवरचं मोटरहोम घेऊ. ते स्वतः भरल्यावर जास्तीत जास्त १४,५०० पाउंड असावं आणि मागच्या गाडीसकट एकूण २२,००० पाउंडांपुढे जाऊ नये. वजाबाकी ७,५००. इथे बरेच जण खूश होतात. पण मागे वाकून हिचवरची, म्हणजे मोटरहोमच्या मागच्या जोडणीवरची पाटी वाचली तर अनेकदा ५,००० पाउंड दिसतं, आणि मग मर्यादा ५,०००च. हिच, रिसीव्हर (हिचचं तोंड, ज्यात बार बसतो), टो बार, बेसप्लेट (बार जोडायला गाडीला पुढे बसवायचा भाग), केबल यांतला जो आकडा सगळ्यात लहान, तोच तुमचा आकडा. वरचा टेस्ला-ट्रेलरचा हिशोब इथेच फसतो. चार दारांची रँग्लर मात्र ४,००० ते ४,५०० पाउंडांत बसते. पण तिच्यात सायकली, तंबू आणि बर्फाचे कूलर भरले तर तेही वजनात धरायचं.

अंदाज नको. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर पाण्याची टाकी, सामान आणि माणसांसकट मोटरहोमचं वजन करून पावती घ्या.

टो बार, बेसप्लेट आणि बाकीचं

बेसप्लेट गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसते. ती मेक, मॉडेल आणि वर्षाप्रमाणे वेगळी असते. बसवताना पुढचा बंपर उतरवावा लागतो, म्हणून गाडी दिवसभर आमच्याकडे राहील असं धरा. टो बार ब्लू ऑक्स, रोडमास्टर, डेम्को यांपैकी कुणाचाही चालेल. फक्त तो मोटरहोमला लागणारा, लांब-आखूड होऊन आपोआप सरळ होणारा घ्या. साधा त्रिकोणी बार स्वस्त आहे, पण गाडी इंच-इंच हलवून जोडताना दोन माणसं लागतात आणि घरात वाद होतात.

बार जमिनीला समांतर असावा. मोटरहोमचा रिसीव्हर उंच आणि गाडी खाली, असा तीन इंचांपेक्षा जास्त फरक पडला तर उंची जुळवणारा रिसीव्हर लागतो. त्याचीही वजनमर्यादा वाचा. सेफ्टी केबल बारखाली एकमेकींना छेद देऊन लावायच्या. मागच्या दिव्यांसाठी आम्ही डायोड वापरतो, म्हणजे मोटरहोमचा करंट गाडीच्या वायरिंगमध्ये उलटा शिरत नाही. सीआर-व्हीसारख्या गाडीची चावी प्रवासभर अ‍ॅक्सेसरीवर राहते, त्यामुळे बॅटरी उतरते. दिव्यांच्या केबलमधूनच चार्जिंगची एक तार ओढून घ्या, खर्च थोडाच येतो.

ब्रेकवर पैसे वाचवू नका

लॉस एंजेलिसहून बे एरियाकडे येताना आय-५ वर तेहोन पास ४,१४४ फुटांवर आहे. तिथून ग्रेपव्हाइनचा सुमारे ६ टक्क्यांचा उतार थेट खोऱ्यात उतरतो. खंबाटकी घाट उतरलेल्या माणसाला सांगायला नको की अशा वेळी गाडी गिअरवर धरायची. पण मागून ४,००० पाउंड ढकलत असतात आणि मोटरहोमचे ब्रेक मुळात मोटरहोमपुरतेच बनवलेले असतात. पुढचा ट्रक अचानक थांबला की फरक कळतो. मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक हवा. किती वजनापासून तो सक्तीचा, हे राज्याराज्यांत बदलतं. बऱ्याच राज्यांत मर्यादा ३,००० पाउंडांची आहे आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांचं वजन तेवढं असतंच.

मागच्या गाडीच्या ब्रेक पेडलवर ठेवून ते दाबणारी पेटी कमी खर्चाची आणि दुसऱ्या गाडीत हलवता येणारी. पण ती दरवेळी ठेवायची, जुळवायची आणि गाडी वापरताना काढायची. कायमची बसवलेली यंत्रणा महाग, पण एक तार जोडली की झालं. आमचं मत कायमच्या यंत्रणेकडे झुकतं, कारण दमलेला माणूस पेटी लावायचा कंटाळा करतो आणि नेमक्या त्या दिवशी घाट असतो. कुठलीही घ्या, ती मोटरहोम जितक्या जोरात थांबेल त्या प्रमाणात दाबणारी असावी. सोबत ब्रेकअवे स्विचही घ्या. गाडी सुटलीच तर त्याची पिन ओढली जाते आणि त्या गाडीचे ब्रेक लागतात. दर सहलीआधी पिन हाताने ओढून बघा.

जोडल्यावर

चारही चाकांवर जोडलेली गाडी मागे घेऊ नका, काही फूटसुद्धा नको. पुढची चाकं आडवी वळतात आणि बार वाकतो. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे. अडकलात तर गाडी सोडवा. कॅलिफोर्नियात दुसरं वाहन ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. मोटरहोम भाड्याचं असेल तर करार आधी वाचा, ओढायला मनाई असू शकते. पहिल्या दिवशी पाच मैलांवर थांबून सगळे पिन, केबल आणि दिवे तपासा आणि मागच्या गाडीच्या चाकांजवळ हात नेऊन पाहा. धग लागली तर ब्रेक चिकटलाय.

आमच्याकडे येताना गाडीचं मॅन्युअल, हिचवरच्या पाटीचा फोटो, मोटरहोमच्या दाराजवळच्या वजनाच्या स्टिकरचा फोटो आणि कॅट स्केलची पावती आणा. हे चार कागद बघितल्याशिवाय आम्ही कुठल्याच सामानाची किंमत सांगत नाही.