पूरसज्जता, कृष्णा–पंचगंगा खोऱ्यातील

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडचा बेळगाव या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पुराची वर्दी एकमेकांना वेळेत देणे, नदीकाठच्या गावांतल्या तरुणांना बचावकार्य शिकवणे आणि पाणी घरात येण्याआधी माणसे-जनावरे हलवणे, या कामांना मिळून पूरसज्जता म्हणतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी तिला आजचे रूप दिले. बोटी आणि प्रशिक्षण यांची चर्चा जास्त होते; खरे अडते ते धरणावरचा आकडा गल्लीपर्यंत पोहोचण्यात.

खोरे आणि फूग

महाबळेश्वरात उगम पावलेल्या कृष्णेला कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांची मिळून झालेली. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. घाटमाथ्यावरचा पाऊस अफाट असतो. २०२१ च्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. पुढे पठारावर मात्र नदीला उतार फारच कमी. म्हणून इथला पूर लोंढ्यासारखा येऊन निघून जात नाही. चढत राहतो आणि मुक्काम करतो.

कृष्णा दुथडी असली की संगमावर पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते मागे सरते. काठावरचे लोक याला ‘फूग’ म्हणतात. फुगीचे पाणी फसवे असते. शिरोळ तालुक्यात ऊन पडलेले असते, पाऊस दोन दिवस थांबलेला असतो, आणि तरी ओढ्यातून पाणी उलटे चढत उसात शिरते. ‘पाऊस उघडला, आता उतरेल’ हा हिशेब करून घरात थांबलेली माणसेच पुढे छपरावरून उतरवावी लागतात. नृसिंहवाडीत दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले, म्हणजे दक्षिणद्वार सोहळा झाला, अशी बातमी आली की शहरातले लोक स्नानाला निघतात. खालच्या अंगाच्या गावांनी मात्र ती बातमी वैरण माळ्यावरून काढून ट्रॉलीत भरायची वेळ म्हणून वाचायला हवी.

आकडे कसे वाचायचे

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात: इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर आणि आयर्विनवर ५७ फुटांच्या वर गेले होते. त्याही आधीची खूण म्हणजे पाण्याखाली गेलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची संख्या. बंधारे बुडाले की त्यांवरून जाणारे गावरस्ते बंद होतात. पावसाळ्यापूर्वी या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढून ठेवायचे असतात. राहून गेले तर तिथे झाडे-झुडपे अडकून पाणी वरच्या गावात पसरते.

धरणातून सुटणारे पाणी क्युसेकमध्ये सांगतात, साठा टीएमसीमध्ये (अब्ज घनफूट). एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एक लाख क्युसेक विसर्ग पूर्ण दिवस चालला तर ८.६४ टीएमसी पाणी खाली येते. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी, वारणेची ३४.४० आणि राधानगरीची जेमतेम ८.३६. छोटी असूनही राधानगरी कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर असते ती तिच्या सात स्वयंचलित दरवाजांमुळे. पाणी ठरावीक पातळीला टेकले की दरवाजा आपोआप उचलला जातो आणि एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक सुटते. दरवाजे उघडायचे की नाही हे तिथे कुणी ठरवत नाही, त्यामुळे ‘उद्या सकाळी इतके सोडणार’ अशी आगाऊ सूचनाही मिळत नाही. कोयनेच्या वक्र दरवाजांचे तसे नाही. तिथे विसर्ग ठरवून वाढवता येतो आणि सांगलीला तयारीला वेळ मिळतो.

हे सगळे आकडे आता मोबाइलवर सर्वांना मिळतात. पण आयर्विनवर ४३ फूट झाले म्हणजे आपल्या गल्लीत काय, हे आकडा सांगत नाही. म्हणून जाणत्या गावांनी स्वतःचा तक्ता केलेला असतो. एका रकान्यात जवळच्या मापनस्थळाची पातळी फुटांत, दुसऱ्यात त्या पातळीला पाणी कुठे येते (स्मशानभूमी, शाळेची पायरी, अमुक वाड्याचा उंबरा), तिसऱ्यात बंद होणारा रस्ता, चौथ्यात हलवायची घरे. तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला असावा. कपाटातल्या फायलीत ठेवलेला तक्ता पुराच्या रात्री कुणाला सापडत नाही. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो त्या वेळी आपली म्हैस सोडवत असतो.

दोन राज्ये, एक नदी

शिरोळ तालुक्यातला राजापूर बंधारा हा कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा. पुढे कर्नाटकात हिप्परगी बंधारा आणि नंतर अलमट्टी धरण. अलमट्टीची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आणि साठवण सुमारे १२३ टीएमसी. दुसऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये ही उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली आणि धरणाची फूग मागे येईल या भीतीने सांगली-कोल्हापुरात विरोध सुरू झाला. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. काठावरच्या अनेकांना आणि काही अभ्यासकांना ते पटलेले नाही. वाद आपल्या जागी. वर्दीच्या कामाला तो सुटण्याची वाट पाहता येत नाही.

जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांची बंगळुरात बैठक होऊन पावसाळ्यातील विसर्गाच्या समन्वयावर बोलणे झाले. एरवी रोजची देवाणघेवाण पाटबंधारे खात्यांच्या अभियंत्यांमध्ये आणि जिल्हा नियंत्रण कक्षांमध्ये चालते. तिथे घोटाळा होतो तो बहुधा मापांचा. आपल्याकडे नदीची पातळी फुटांत आणि स्थानिक शून्यापासून सांगतात, अलमट्टीची मीटरमध्ये आणि समुद्रसपाटीपासून. विसर्ग कुणी क्युसेकमध्ये देतो, कुणी क्युमेकमध्ये; एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. एकक न लिहिता फिरलेला आकडा एका संदेशात पूर पस्तीसपट करतो किंवा पस्तिसाव्या हिश्श्यावर आणतो. म्हणून पुढे पाठवायच्या प्रत्येक संदेशात ठिकाण, वेळ, एकक आणि ‘वाढतोय, स्थिर की उतरतोय’ या चारही गोष्टी असाव्यात असा दंडक आहे. तो पाळला जात नाही तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर कालचा आकडा आजचा म्हणून फिरतो.

खिद्रापूर आणि पलीकडचे जुगूळ अशा समोरासमोरच्या गावांत सोयरीक आहे, बाजार एक आहे, दोन्ही भाषा चालतात. सरकारी वर्दी उशिरा पोहोचली तरी पाहुण्याचा फोन वेळेत येतो. सज्जतेच्या आराखड्यात या ओळखींना जागा द्यायला हवी: समोरच्या काठावरच्या दोन माणसांचे क्रमांक, होडी कुठे लागते ती जागा, आणि पूल बंद झाल्यावर बाळंतिणीला किंवा डायलिसिसच्या रुग्णाला कोणत्या बाजूने न्यायचे ते.

आपदा मित्र

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्ह्याचे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ आहे. तिथून कोल्हापूर महामार्गाने चार-पाच तासांचे, पण २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. बाहेरची मदत पोहोचेपर्यंतचे तास गावानेच निभवायचे असतात. ‘आपदा मित्र’ ही राष्ट्रीय प्राधिकरणाची योजना याच तासांसाठी आहे. २०१६ मध्ये पूरप्रवण ३० जिल्ह्यांत प्रत्येकी २०० स्वयंसेवक घेऊन ती सुरू झाली; पुढे ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक असा विस्तार ठरला. वय १८ ते ४०, किमान शिक्षण सातवी, प्रशिक्षण बारा दिवसांचे. स्वयंसेवकाला विमा आणि एक संच मिळतो: जीवरक्षक जॅकेट, दोर, शिरस्त्राण, गमबूट, बॅटरी, शिट्टी, प्रथमोपचार पेटी इत्यादी. कोल्हापूरची ‘व्हाइट आर्मी’ आणि गावोगावची पट्टीच्या पोहणाऱ्यांची मंडळे हे काम योजनेबाहेर राहूनही करतात.

पाण्यातल्या बचावात पहिला धडा पाण्यात न उतरण्याचा. आधी काठी किंवा बांबू पुढे करायचा, तो पुरत नसेल तर दोर फेकायचा, मग बोट. उडी सर्वांत शेवटी, आणि तीही कमरेला दोर बांधून. गावच्या चांगल्या पोहणाऱ्याला हे पटवणे सगळ्यांत अवघड जाते, कारण विहिरीत आणि नदीच्या डोहात तो खरोखर सरस असतो. पुराच्या पाण्यात खाली काय आहे ते दिसत नाही: काटेरी तार, उघडे गटार, उसाचे बुडखे. वाहते पाणी गुडघ्यापर्यंत असले तरी धडधाकट माणसाचा पाय उचलते. फेकायचा दोर १५ ते २० मीटरचा असावा. तो गुंडाळून नव्हे, पिशवीत सैल भरून ठेवतात, म्हणजे फेकताना गाठ पडत नाही. दोर बुडणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा. अलीकडे पडला तर प्रवाह तो घेऊन जातो.

बुडालेल्याच्या पोटातले पाणी काढण्यासाठी त्याला उलटे धरण्याची, मडक्यावर पालथे घालण्याची सवय अजून गेलेली नाही. त्यात वेळ जातो, आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायची: ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० या गतीने आणि मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल.

बोटी

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकांचा जीव गेला. नावेत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती. त्यानंतर प्रत्येक प्रशिक्षणात दोन नियम ठासून सांगतात: जॅकेटे जितकी तितकीच माणसे, आणि काठावर माणसे मोजून चढवणारा एकच. मोजणारा गावाबाहेरचा असलेला बरा. गावातला माणूस भावकीला नाही म्हणू शकत नाही.

रबरी बोट हलकी आणि दोघांनी उचलण्याजोगी असते, पण पत्र्याच्या कडेने किंवा द्राक्षबागेच्या तारेने फाटते. फायबरची टिकते, मात्र गल्लीत वळत नाही. यंत्र बंद पडण्याची कारणे ठरलेली आहेत. पंख्यात उसाचा पाला, केबल नाही तर साडी गुंतते; मग वल्ही नसतील तर बोट प्रवाहाच्या स्वाधीन. म्हणून यंत्र असले तरी दोन वल्ही आणि एक लांब बांबू सोबत हवाच. दुसरे कारण शिळे पेट्रोल. वर्षभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरमध्ये बसतो आणि ऐन जुलैत दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. महिन्यातून एकदा यंत्र पाण्याच्या पिंपात बुडवून पाच-दहा मिनिटे चालवायचे आणि ठेवताना टाकी रिकामी करायची, एवढ्याने ते टळते. पण या पेट्रोलचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हे ठरत नाही, म्हणून यंत्र चालवले जात नाही.

बोट नसेल तेव्हा गुऱ्हाळाची काहील (गूळ शिजवायची मोठी कढई) पाण्यात सोडतात. ती तरंगते, पण तळ पसरट असल्याने भोवऱ्यासारखी फिरते आणि कडेला वजन गेले की कलते. संथ फुगीच्या पाण्यात, मधोमध बसवून, दोन्ही बाजूंनी दोर धरूनच ती वापरावी. प्रवाहात नाही.

माणसे आणि दावण

घर न सोडण्याचे मोठे कारण गोठ्यात असते. दुभत्या म्हशीवर महिन्याचा खर्च चालतो, तिला सोडून शाळेतल्या छावणीत कोण जाणार? त्यामुळे छावणी जनावरांसह असेल तरच गाव वेळेत हलते. साखर कारखान्यांची उंचावरची आवारे यासाठी सोयीची पडतात. मोठ्या जनावराला दिवसाला सुमारे २० किलो ओली वैरण लागते. शंभर जनावरे म्हणजे रोज दोन टन, आणि आसपासचे सगळे हिरवे रान पाण्याखाली. वैरण कुठून येणार ते मे महिन्यातच ठरवून ठेवावे लागते. जनावरे दिवसा आणि रस्ता कोरडा असताना न्यायची. उशीर झालाच तर निदान दावी कापून मोकळी करायची. बांधलेले जनावर खुंट्यालाच बुडते.

प्रशिक्षित यादी आणि हजर माणसे यांत दरवर्षी तफावत पडते. बारा दिवस शिकलेला मुलगा नोकरीला पुण्याला गेलेला असतो, किंवा त्याच्याच घरात पाणी असते. यादी दर मे महिन्यात फोन लावून तपासावी आणि प्रत्येक वाडीत किमान दोघे न बुडणाऱ्या घरांतले असावेत. वीज गेल्यावर मोबाइलचे मनोरे काही तासांत मुके होतात. १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक तेव्हा लागत नाही. मग मंदिराचा भोंगा आणि बॅटरीवर चालणारे ध्वनिक्षेपक कामी येतात.

पाणी उतरल्यावर

विहिरी उपसून शुद्ध करणे हे काम स्वयंसेवकांकडेच येते. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर हे नेहमीचे प्रमाण. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते सुमारे ६३ हजार लिटर भरते, म्हणजे १६० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून निवळी तेवढी ओतायची आणि बादली दोराने खालीवर करून पाणी ढवळायचे. पुरानंतर पाणी गढूळ असल्याने हे प्रमाण बहुधा पुरत नाही. अर्ध्या तासाने ओटी चाचणीत (पाण्यात उरलेला क्लोरीन तपासण्याच्या) पिवळा रंग आला नाही तर पुन्हा टाकायची. उघड्या पोत्यातली जुनी पावडर कितीही टाकली तरी रंग येत नाही, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

याच आठवड्यात पातळीच्या खुणाही करून घ्यायच्या असतात. भिंतीवर चिखलाची रेघ जिथे थांबली तिथे ऑइलपेंटने आडवी रेघ, शेजारी वर्ष, आणि मापनस्थळावर त्या दिवशी किती फूट होते तो आकडा. वर सांगितलेल्या तक्त्याचा दुसरा रकाना या खुणांवरूनच भरतो. उशीर करून चालत नाही, कारण गणपती तोंडावर आलेले असतात. भिंती धुतल्या जातात, त्यांवर चुना चढतो आणि चिखलाची रेघ पुसली जाते.