कोरड्या भिंतीतल्या दहा घागरी

आत्याच्या घराची मागची भिंत पडली ती गणपतीच्या आदल्या आठवड्यात, पहाटे. कुणाला लागलं नाही. भिंतीला टेकून ठेवलेल्या पत्र्याच्या दोन ट्रंका तेवढ्या चिखलात गेल्या. भोरकडचं, भरपूर पावसाचं गाव. दगडी जोतं, त्यावर मातीची दीड हात रुंद भिंत, वर कौलं. घर आत्याच्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं, म्हणजे त्या भिंतीने ऐंशीएक पावसाळे तरी काढले. आणि पडली कधी, तर तिला 'पक्की' करून दोन वर्षं झाल्यावर. आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर प्लास्टिक रंग. गवंडी म्हणाला, "माती ती मातीच, आज ना उद्या जायचीच."

त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निरोप फिरत होता. भिंतीच्या मातीत गूळ आणि बेलफळ घातलं की घर हजार वर्षं टिकतं आणि शेणाने सारवलं की किरणोत्सार आत येत नाही. मला गवंड्याचा आणि या निरोपाचा सारखाच राग आला. एकाला माती म्हणजे गरिबी वाटते, दुसऱ्याला चमत्कार. भिंत उभी कशी राहते हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

शेणाचं आधी उरकतो. शेणात न पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात. लेप सुकताना आकसतो, तेव्हा हे तंतू भेगांना आडवे येतात. काम चोख आहे, म्हणून तर ते टिकलं. वेरूळच्या लेण्यांमधल्या मातीच्या गिलाव्यात संशोधकांना भांगेचे तंतू सापडले, तेही याच कामासाठी. (तिथे पाऊस पोचत नाही, हे मात्र वेरूळचे दाखले देणारे सांगत नाहीत.) गॅमा किरणं अडवायला शिसं किंवा जाडजूड काँक्रीट लागतं, नुसतं वजन लागतं. दोन मिलिमीटरच्या सारवणात ते आणायचं कुठून?

आता भिंत. समुद्रकिनाऱ्यावर वाळूचा किल्ला केला असेल तर अर्धं शास्त्र तुम्हाला येतं. कोरडी वाळू मुठीतून निसटते. पाण्यात बुडालेली वाळूही पसरते. ओलसर वाळू मात्र बुरूज धरून उभी राहते. वाळूत डिंक नाही, सिमेंट नाही, मग कण धरून ठेवतं कोण? पाणीच. दोन कण जिथे टेकतात तिथल्या फटीत पाण्याचा एक इवलासा थेंब अडकतो. त्याची कड आतल्या बाजूला वळलेली असते, डमरूच्या कमरेसारखी. पृष्ठताणामुळे अशा डमरूतल्या पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि दोन्ही कण एकमेकांकडे ओढले जातात. किल्ला उभा असतो तो अशा लाखो डमरूंच्या जोरावर.

यातली मेख अशी की ही ओढ पाणी किती आहे यावर नाही, डमरूची कमर किती बारीक आहे यावर ठरते. वळण जितकं लहान तितकी ओढ मोठी. वाळूचे कण मोठे, त्यांच्यातल्या फटीही मोठ्या, त्यामुळे त्यातलं पाणी लगेच सुकतं आणि दुपारच्या उन्हात किल्ला ढासळतो. चिकणमातीचा कण दोन मायक्रोमीटरपेक्षाही लहान, आणि तोही गोल नसून पत्त्याच्या पानासारखा चपटा. पानांमधल्या फटी इतक्या अरुंद की त्यातलं पाणी उन्हाला काढता येत नाही.

माझा आवडता भाग इथून सुरू होतो, तेव्हा थोडं सोसा. फटीतलं पाणी आणि बाहेरच्या हवेतली वाफ यांचा सतत हिशोब चाललेला असतो. हवा दमट असली की वाफ फटीत शिरते, कोरडी असली की फटीतून निघून जाते, आणि जिथे येणं-जाणं सारखं होतं तिथे डमरूची कमर स्थिर होते. हवेची सापेक्ष आर्द्रता कळली की कमर किती आणि ओढ किती हे कागदावर काढता येतं. सूत्र लॉर्ड केल्व्हिनच्या नावाचं आहे. आर्द्रता ५० टक्के असेल तर वळणाची त्रिज्या निघते साधारण दीड नॅनोमीटर, म्हणजे पाण्याचे जेमतेम पाच-सहा रेणू शेजारी शेजारी. आणि ओढ? वातावरणाच्या दाबाच्या सुमारे साडेनऊशे पट!

हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा कुठेतरी शून्य जास्त पडलं असणार असं वाटून पुन्हा मांडला. पडलं नव्हतं. मग मातीची भिंत पोलादासारखी का होत नाही? कारण ही ओढ फक्त डमरूच्या कमरेएवढ्या जागेवर चालते. भिंतीच्या छेदात अशा जागा मिळून अगदी थोडी जागा भरते. म्हणून नीट ठोकून बसवलेल्या मातीची ताकद शेवटी वातावरणाच्या दाबाच्या दहा-वीस पटच भरते. तीही पुष्कळ झाली. तीन मीटर उंच भिंतीच्या तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब वातावरणाच्या जेमतेम अर्धा पट पडतो.

आता आर्द्रता वाढवा. ९० टक्क्यांवर ओढ उतरते दीडशे पटीच्या आत. ९९ टक्क्यांवर चौदा पट. माती पूर्ण भिजली की शेजारचे डमरू एकमेकांत मिसळतात, वळण उरत नाही आणि ओढ शून्यावर येते. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी ठोकलेल्या मातीचे ठोकळे वेगवेगळ्या ओलाव्यावर दाबून पाहिले आणि २००९ मध्ये दाखवून दिलं, की सिमेंट न घातलेल्या मातीच्या ताकदीचा मोठा वाटा या ओढीचाच असतो.

म्हणजे कोरडी दिसणारी भिंत कोरडी नसते. तीन मीटर लांब, तितकीच उंच आणि ४५ सेंटिमीटर जाड भिंत घ्या. वजन साडेसात टनांच्या पुढे. त्यात दोन टक्के ओलावा धरला तरी दीडशे लिटर पाणी झालं. दहाएक घागरी. त्या दहा घागरी भिंत सांभाळतात. त्यात आणखी पाण्याची भर पडत गेली की तेच पाणी भिंतीला खाली बसवतं.

कुठली माती घ्यायची, हेही यातूनच सुटतं. चिकणमातीची पानं सगळी एका जातीची नसतात. केओलिनाइट नावाच्या खनिजाची पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली, मधे पाणी शिरत नाही. एका ग्रॅममधल्या पानांचा सगळा पृष्ठभाग पसरला तर एका खोलीची जमीन झाकेल. आपल्या काळ्या मातीतलं खनिज स्मेक्टाइट गटातलं. त्याची पानं सैल असतात, मधे कॅल्शियम-सोडियमचे आयन बसलेले, आणि ते पाण्याला थेट पानांच्या मधे ओढून घेतात. पानापानातलं अंतर दीडपट, दुपटीपर्यंत जातं. एका ग्रॅमचा पृष्ठभाग सातशे चौरस मीटरच्या वर, म्हणजे कबड्डीची पाच मैदानं. पावसात फुगायचं आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पाडायच्या, हा तिचा धर्म. कपाशीला उत्तम, भिंतीला नालायक.

मराठीला हे केव्हाच ठाऊक होतं. जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. पांढरीच्या मातीत चुनखडी, चुलीतली राख आणि पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती मिसळलेल्या असतात. फुगणारी पानं कमी, आणि चुन्यातलं कॅल्शियम उरलेल्या पानांना जवळ धरून ठेवतं. (काळ्या जमिनीवर रस्ता करताना इंजिनिअर चुना मिसळतात तोही याचसाठी.) देशमुखांच्या गढ्या पांढरीच्या, मराठवाड्यातली माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, पांढरीची. घर पडलं की त्याची माती तिथेच राहायची आणि पुढचं घर तिच्यातूनच उठायचं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनी अशाच एकीवर एक सापडल्या.

सिमेंटच्या पोत्याचा हिशोब याच्या शेजारी ठेवून बघा. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडी भट्टीत तापवली की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. भट्टीचं इंधन वेगळंच. माणसांमुळे होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास येतो तो यामुळे.

पुन्हा आत्याच्या भिंतीकडे. मातीचा गिलावा असताना ती पावसात थोडी भिजायची आणि उघाड पडली की दोन्ही अंगांनी सुकायची. सिमेंटचा गिलावा कडक असतो. भिंत ऋतूप्रमाणे जराशी हलते, तो हलत नाही, म्हणून त्याला केसासारख्या चिरा पडतात. चिरेतून पाऊस आत जातो, जोत्यातून ओल वर चढते आणि बाहेर पडायची वाट प्लास्टिक रंगाने बुजवलेली. दोन पावसाळे पाणी खालच्या दोन फुटांत साठत गेलं. वरून भिंत गुळगुळीत, पिस्ता रंगाची. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात शेकडो वर्षं जुनी मातीची घरं आहेत, तीही चांगल्या पावसात. विसाव्या शतकात त्यांना सिमेंट फासल्यावर तिथेही अशाच भिंती बसल्या. डेव्हनची म्हण अशी की मातीच्या घराला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगले बूट हवेत. आपल्याकडे त्याला वळचण आणि जोतं म्हणतात.

टोपी आणि बूट एका घरापुरते झाले, पण जुनी गावठाणं पाहिली तर अख्खं गावच याच हिशोबाने बसवलेलं दिसतं. पांढरी उंचवट्यावर, म्हणजे पाणी आपोआप उतरणार. घरं भिंतीला भिंत लावून, म्हणजे भिजायला उरतात फक्त पुढची आणि मागची बाजू, तापायलाही तेवढ्याच. कोकणात पाऊस तिरका, हवा दमट. तिथे जाड मातीला सुकायला वेळच मिळत नाही. म्हणून कारवीचा कूड आणि त्यावर पातळ लेप, नाहीतर सरळ जांभा, आणि पावसाच्या बाजूला झावळ्यांचे झाप. 'मातीचं घर म्हणजे फुकटचा एसी' हे तर तिथे मे महिन्यात कुणी बोलूच नये. दिवसाची ऊब दहा-बारा तास उशिरा आत सोडणारी जाड भिंत जिथे रात्री गार पडतात तिथेच कामाची, म्हणजे देशावर.

आणि मातीवर भाबडं प्रेम असणाऱ्यांनी किल्लारी विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदांचं वजन यांखाली. पाण्याचे डमरू कणांना ओढून धरतात, पण आडव्या हिसक्याला ते पुरत नाहीत. तिथे लाकूड हवं, कोपऱ्यात बांधणी हवी, भिंतीच्या आरपार जाणारे दगड हवेत. कच्छमधली 'भुंगा' नावाची गोल मातीची घरं २००१ च्या भूकंपात बरीचशी तगली. गोल भिंतीला कोपरा नाही आणि छप्पर गवताचं, हलकं. किल्लारीनंतर बावन्न गावं उचलून नव्या जागी बसवली. सरळ रुंद रस्ते, सुटी सुटी चौकोनी घरं. भूकंपाचं उत्तर मिळालं, पण चार घरांची मिळून एक भिंत आणि तिच्या सावलीतली बोळ गेली. दोन्ही एकत्र साधता आलं नसतं असं मला वाटत नाही.

आत्याने भिंत पुन्हा मातीचीच घालायची ठरवली. मी मातकामाच्या एका चार दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आलो होतो, त्या जोरावर मला मुकादम नेमलं. पडलेला ढिगारा फेकायचा नाही, हा पहिला नियम. सिमेंटची पापडी वेचून काढली, बाकी माती तीच. बरणीत माती आणि पाणी घालून हलवलं आणि दोन दिवस ठेवलं. खाली वाळू, मधे गाळ, वर चिकणमातीचा थर, जेमतेम पाचवा हिस्सा. हवा तेवढाच! मग भाताचा पेंढा घालून चिखल तुडवायला घेतला. आत्या ओट्यावर बसून सांगत होती, "अरे, टाच मार, बोटांनी काय नाचतोस!" लाडू वळून छातीएवढ्या उंचीवरून टाकला. तो फुटला नाही, पसरलाही नाही, तळाला जरासा चपटा झाला.

थर मात्र एका वेळी हातभराचाच. खालच्या थरातलं पाणी उतरून डमरू बारीक व्हायला वेळ लागतो, त्याआधी वर वजन टाकलं तर पोट सुटतं. भिंत सध्या कमरेपर्यंत आली आहे. आत्या रोज सकाळी चहा झाला की जाऊन वरच्या थरावर अंगठा दाबते. ठसा उमटला की म्हणते, "आज नको."