झोप उडाली की माणसं नकोशी का होतात?

सातपूर एमआयडीसीत रात्रपाळी सुटली की टपरीवर चहाला गर्दी होते. माझा मावसभाऊ तिथे हेल्मेट न काढताच उभा असतो. काच तेवढी वर, कपापुरती. "कोणी बोलायला नको," म्हणतो. आणि घरी आल्यावर तक्रार काय, तर आपल्याला कोणी विचारत नाही!

एकटेपणाने झोप उडते हे आपण धरूनच चालतो. बाण उलटाही जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एटी बेन सायमन आणि मॅथ्यू वॉकर यांनी २०१८ मध्ये १८ तरुणांना एकदा पोटभर झोपू दिलं, एकदा रात्रभर जागवलं. मग पडद्यावर समोरून चालत येणारा माणूस दाखवला. फार जवळ आला असं वाटलं की थांबवायचं. जागरण झालेल्यांनी त्याला १८ ते ६० टक्के जास्त लांब थांबवलं. अंगाजवळ कोणी येतंय याचा इशारा देणारा मेंदूचा भाग जास्त चेतला होता, समोरच्याच्या मनाचा अंदाज घेणारा भाग मंदावला होता. १८ जण म्हणजे काही फार नाहीत, हे खरं. पण पुढची गंमत मला जास्त महत्त्वाची वाटते. या तरुणांच्या बोलण्याचे व्हिडिओ हजाराहून अधिक अनोळखी लोकांना दाखवले. कोण झोपलंय, कोण जागलंय हे त्यांना माहीत नव्हतं. तरी जागलेले त्यांना एकटे वाटले, आणि ते पाहून बघणाऱ्यांनाच एकटं वाटू लागलं. म्हणजे जांभईसारखंच की!

"पण याच्या घरात तर आठ माणसं!" असं मावशी म्हणते. अमेरिकेत साउथ डाकोटात हटराइट नावाचा समाज सामुदायिक वसाहतींत राहतो. तिथल्या ९५ प्रौढांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या गोतावळ्यातही ज्यांना एकटं वाटायचं, त्यांची झोप जास्त तुटक होती. एकूण तास मात्र कमी नव्हते.

तुटक झोप काय ते मावसभावाच्या पंचवटीतल्या घरात दुपारी कळतं. कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी, दारावरची बेल. तास सात भरतात, पण चार तुकड्यांत. गेल्या महिन्यात वहिनीने खिडकीला जाड गोधडी टांगली आणि बेलचा सेल काढून ठेवला.