रडू आलं तर घर काढा

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना आधी एक प्रसंग आठवायला सांगितला, ज्यात त्यांचा चांगलाच हिरमोड झाला होता. मग काही मुलांनी तोच प्रसंग कागदावर काढला आणि काहींनी नुसतं घर. कोणाला जास्त बरं वाटलं? घर काढणाऱ्यांना. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या मानसशास्त्रज्ञांचा हा प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसांवरच्या त्यांच्या प्रयोगांतही साधारण असंच दिसलं होतं.

हे वाचून मी जरा चक्रावलोच. मनातली मळमळ कागदावर ओतली की माणूस हलका होतो, असंच आपण धरून चाललेलो असतो. पण दुखरा प्रसंग काढताना पेन्सिल पुन्हा पुन्हा त्याच जागी जाते आणि मन त्याच गोष्टीचं रवंथ करत राहतं. घराचं तसं नाही. छप्पर किती उतरतं ठेवायचं, दार मधोमध की कडेला, खिडकी चुकून मोठी झाली तर आता दुसरीचं काय करायचं? एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी मावतात. त्यातली बरीचशी जागा छपराने अडवली की दुःखाला थोडं सरकून बसावं लागतं.

अर्थात, हे प्रयोग काही मिनिटांत मूड किती बदलतो एवढंच मोजतात. खोल आघात झालेल्या माणसाला नुसतं घर काढून भागत नाही. तिथे प्रशिक्षित कलोपचारतज्ज्ञ, म्हणजे आर्ट थेरपिस्ट, हळूहळू त्या आठवणीपर्यंत नेतो. जे बोलता येत नाही ते निदान रेषेत तरी उतरावं, ही तिथली धडपड असते.

‘आर्ट थेरपी’ हा शब्द रूढ केला ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी, 1942 साली. त्याआधी 1938 मध्ये ते क्षयरोगामुळे सॅनेटोरियममध्ये पडून होते. क्षयावर तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, उपचार म्हणजे मुख्यतः महिनोन्‌महिने विश्रांती. हिल यांनी पडल्या पडल्या आजूबाजूच्या साध्या वस्तू काढायला सुरुवात केली आणि पुढे इतर रुग्णांच्याही हातात कागद-पेन्सिल दिली. स्वतःच्या आजाराची भीती सोडून ते समोर दिसेल ते काढत होते, हे मला वरच्या प्रयोगाच्या जवळचं वाटतं.

शरीरात काय होतं, याचाही एक धागा हाती आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं मार्कर, माती आणि चिकटचित्रांचं साहित्य देऊन हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेऊन ताणाशी निगडित कॉर्टिसॉल हे संप्रेरक मोजलं. सुमारे 75 टक्के लोकांमध्ये ते उतरलं होतं आणि चित्रकलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसतं 45 मिनिटं निवांत बसूनही कॉर्टिसॉल उतरलं असतं का, हे त्यावरून ठरत नाही.

चित्रं काढता काढता स्वतःची ओळख पटते, असंही म्हणतात. आता राहिला तो मुद्दा. इथे फार भोंदूपणा चालतो. लाल म्हणजे राग, काळा म्हणजे नैराश्य, असले तक्ते सरळ केराच्या टोपलीत टाकावेत. मला त्यापेक्षा जलरंग जास्त बोलके वाटतात. कागद अर्धवट वाळलेला असताना ब्रशवरून पाण्याचा एक थेंब पडला, की तो आधीच्या रंगाला ढकलत पसरतो आणि कडेला करवतीसारखी नक्षी उठते. पुसायला जावं तर डाग आणखी वाढतो. आता पुढे काय? कोणी त्याच डागाचं झाड करतो, कोणी तो लपवायला वर गडद रंग चढवतो, कोणी कागदच चुरगळतो. मी बरीच वर्षं चुरगळणाऱ्यांत होतो आणि फक्त कागदच नव्हे, हे मला चित्रं काढतानाच कळलं.

म्हणून चांगला तज्ज्ञ चित्राचा अर्थ सांगत नाही, “इथे काय चाललं होतं?” एवढंच विचारतो. सगळं चित्र काळंच का, याचं उत्तर कधी कधी बाकीची स्केचपेनं वाळली होती, एवढंच असतं.