गिरणीचे करवती छप्पर आणि ‘मोकळी जमीन’

मुंबईतील बंद गिरण्यांच्या जागी विरंगुळ्याच्या सार्वजनिक जागा व्हाव्यात, या मागणीत छपराचा मुद्दा वारंवार येतो. विणाई खात्यावरील छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, तर उतरती बाजू कौलांची किंवा पत्र्याची आणि दक्षिणेकडे. वर्षातील बहुतेक दिवस सूर्य दक्षिणेकडून जात असल्याने ऊन आत येत नसे. येई तो केवळ आकाशाचा सौम्य, जवळजवळ सावलीविरहित उजेड, ज्यात मागावरचा तुटलेला धागा चटकन दिसे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला सरकतो खरा, पण त्यातला बराचसा काळ पावसाळी ढगांचा असतो. दोन दात्यांमधल्या पन्हळीतून होणारी गळती मात्र याच दिवसांतली.

या उजेडाने कामाचा दिवसही ठरवला होता. विजेचे दिवे आल्यावर काम चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबले आणि पुरुष कामगारांसाठी 12 तासांची मर्यादा कायद्यात येण्यास 1911 साल उजाडले. पुढचा प्रवास, म्हणजे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला संप आणि त्यानंतरची टाळेबंदी, वाचकांना ठाऊक आहे.

खरा गुंता 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 पासून सुरू होतो. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना 33 टक्के जमीन महापालिकेला उद्याने, मैदाने आणि अन्य सोयींसाठी, एक वाटा सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेली मालकाकडे, अशी ही विभागणी होती. जुने बांधकाम पाडले की वाटा द्यावा लागे; ते उभे ठेवून वापर बदलला, तर वाटणीचा प्रश्न लांबणीवर पडे. म्हणूनच नव्वदच्या दशकात लोअर परळच्या एका गिरणीतील जुन्या खात्यांत करमणुकीची केंद्रे आणि दुकाने आली. त्याला वारसाजतन म्हणण्याची पद्धत पडली असली, तरी त्यामागे वारशाच्या ओढीपेक्षा हा हिशेब अधिक होता. शिवाय बोलिंगच्या पट्ट्या, नाचघरे यांना उत्तरेचा उजेड नकोच असतो. आणि आत जाण्यासाठी पैसे मोजावे लागत असतील, तर त्या जागेला सार्वजनिक म्हणणेही शब्दाची ओढाताण आहे.

2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी ‘मोकळ्या जमिनी’पुरती राहिली. मराठीत मोकळी जागा म्हटले की मैदान किंवा बाग डोळ्यांसमोर येते. नियमात मात्र त्याचा अर्थ बांधकाम नसलेला भूभाग एवढाच. बांधकाम पाडल्यावर मोकळी होणारी जमीन त्यात धरायची की नाही, यावर सगळा वाद झाला. फरक आकड्यांत पाहावा: 10 एकरांच्या गिरणीत 8 एकरांवर खाती आणि गोदामे असतील, तर जुन्या नियमाने महापालिकेला 3.3 एकर मिळाले असते. नव्या अर्थाने 2 एकरांचे 33 टक्के, म्हणजे जेमतेम पाऊण एकरही नाही. विणाई खाते स्वभावतःच पसरट, एकमजली असते, कारण उजेड छपरातून घ्यायचा असतो. त्यामुळे ज्या छपराने कामगाराला उजेड दिला, त्याच्याच व्याप्तीने शहराच्या वाट्याचे मैदान आक्रसले.

एका पर्यावरणवादी संस्थेच्या जनहित याचिकेवर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने व्यापक अर्थ उचलून धरला. 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून शासनाचा अर्थ मान्य केला. त्यात शब्दार्थाची शिस्त असेलही, परंतु पाडकामापोटी द्यावा लागणारा जमिनीचा वाटा घटल्यावर खाती उभी ठेवण्याचे मालकाचे कारणही संपले. अनेक ठिकाणी छपरे गेली आणि मनोरे आले. त्याआधी, 1996 मध्ये, सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने सरकारी मालकीच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला होता, तो कागदावरच राहिला.

जुन्या इमारतींना धरून सार्वजनिक जागा करण्याचा प्रयत्न काळाचौकीच्या बंद गिरणीत दिसतो. तेथे वस्त्रोद्योग संग्रहालय योजण्यात आले आणि काम आधी हाती घेतले गेले ते गिरणीच्या तलावाभोवती. छपराखालच्या खात्यांचा प्रश्न वेगळा आहे. सूत तुटू नये म्हणून ही दालने दमट आणि बंदिस्त ठेवली जात. उजेड भरपूर, वारा नाही. माणसांनी तेथे निवांत बसावे असे वाटत असेल, तर उत्तरेच्या काचा जपण्याबरोबर त्यांतल्या काही उघडता येतील, अशी सोयही करावी लागेल.